चौदा महिन्यांच्या नोंदी

माझे भाऊजी अतिशय सरळ माणूस आहेत. अशा माणसाबरोबर चाळीस वर्षं काढणं म्हणजे काय, ते माझ्या ताईला विचारावं. भाऊजी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं दुकानोदुकानी फिरून त्यांनी लोकांचे काटे तपासले, मापात मारणाऱ्यांना पकडलं आणि जे काटे खरे निघाले त्यांच्यावर शिक्का मारला. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन जे रेडिओपुढे बसायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. "सवत परवडली असती," ताई म्हणायची. "निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ही नुसती खरखरते."

रेडिओ पुढच्या खोलीत, खिडकीशी. करडा, लोखंडी अंगाचा, दोघांनी मिळून उचलावा असा. त्याच्या पाठीतून निघालेली तांब्याची तार खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडते आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. त्या तारेवर कपडे वाळत घालायचे नाहीत, हा त्या घरातला पहिला कायदा. भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं आणि एक जगाचं, कारण शॉर्टवेव्ह ऐकणारी माणसं कुठल्याही देशातली असोत, नोंदी सगळे जागतिक वेळेतच करतात. एकदा माझा एक मित्र त्या दुसऱ्या घड्याळाकडे बघत निवांत गप्पा मारत बसला आणि त्याची शेवटची बस चुकली. भाऊजींना मनापासून वाईट वाटलं. पण घड्याळ काही त्यांनी हलवलं नाही, त्याच्याखाली 'जग' अशी चिठ्ठी तेवढी चिकटवली.

हा छंद नेमका कशाचा, हे कळायला मला दहा वर्षं लागली. मी आधी समजत होतो, गाणी ऐकतात. गाण्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही. दूरचं एखादं केंद्र खरखरीतून शोधून काढायचं, कान देऊन ऐकायचं, काय ऐकलं ते वेळेसकट वहीत लिहायचं आणि त्याचा अहवाल त्या केंद्राला पोस्टाने पाठवायचा. तिथली माणसं आपल्या नोंदीशी तो ताडून बघतात आणि खरा निघाला तर एक छापील कार्ड पाठवतात, की हो, तुम्ही आम्हालाच ऐकलंत. भाऊजींकडे अशी सहाशे अकरा कार्डं आहेत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, क्रमांक घालून ठेवलेली.

अहवालात पाच आकडे लिहायचे असतात. आवाज किती जोरात येतो, दुसऱ्या कुणाची लुडबूड किती, खरखर किती, आवाज चढतो-उतरतो किती आणि शेवटी एकंदर. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे आपलं नावाला. पाचही आकडे पाच असे भाऊजींनी कधीच कुणाला दिले नाहीत. "पाच वेळा पाच देणारा माणूस," ते म्हणायचे, "एक तर खोटं बोलतो, नाही तर केंद्राच्या दारात राहतो." आणि जे ऐकलं नाही ते लिहायचं नाही. एकदा कार्यक्रम चालू असताना वीज गेली, तर त्यांनी अहवालात लिहिलं, 'अमुक वाजून अमुक मिनिटांपासून चार मिनिटं आमच्याकडे वीज नव्हती, सबब त्याविषयी काही सांगू शकत नाही.' कोणी विचारलं होतं का? पण नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं, "भाऊजी, लोकांना फुकट एवढे अहवाल कशाला लिहिता? तुमचं काय अडलंय?"

ते म्हणाले, "अरे, तो बिचारा तिकडे एका खोलीत बसून बोलतो. समोर कोणी नाही. आपलं बोलणं कुणापर्यंत पोचलं की नाही, हे त्याला कोणी तरी सांगायला नको?"

आतून ताईचा आवाज आला, "चाळीस वर्षं मी या घरात बोलतेय. मला नाही कधी अहवाल आला."

भाऊजी हसले आणि त्यांनी रेडिओची खुंटी थोडी डावीकडे फिरवली.

सगळ्या केंद्रांत त्यांचा जीव एका केंद्रावर. समुद्रापलीकडे कुठलंसं एक लहानसं बेट आहे, तिथलं. रोज संध्याकाळी साडेसहाला आपल्या बाजूला अर्धा तास कार्यक्रम. बातम्या, होड्यांसाठी हवामान आणि आठवड्यातून एकदा श्रोत्यांची पत्रं. सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं एक सूर वाजतो. बासरीच्या जातीचं काहीतरी वाद्य असावं, अगदी वरच्या पट्टीतलं, सातआठ स्वर, पुन्हा पुन्हा तेच. ऐकणाऱ्याला केंद्र सापडावं म्हणून. तिथला इंजिनिअर भाऊजींच्या अहवालांना हाताने उत्तरं लिहायचा. सव्वीस वर्षं. दोघांनी एकमेकांचा आवाज कधी ऐकलेला नाही, पण ताईचा गुडघा कधी दुखायला लागला हे त्याला माहीत होतं आणि त्याची मुलगी कधी नर्स झाली हे भाऊजींना.

तर मागच्या वर्षीपासून या केंद्राचं काहीतरी बिघडलं. आधी भाऊजींनी लिहिलं, 'सूर क्षीण.' मग लिहिलं, 'सूर ऐकू आला नाही. निवेदकाचा आवाज येतो, पण उच्चार दबके.' इंजिनिअरने ताबडतोब प्रक्षेपण यंत्र उघडून पाहिलं आणि कळवलं की दोष दिसत नाही. भाऊजींचा पुढचा अहवाल, 'सूर ऐकू आला नाही.' त्याने एरियलच्या खांबावर माणूस चढवला. पुढचा अहवाल तोच. शेवटी त्याने लिहिलं, 'मित्रा, सूर इथे रोज वाजतो. मी स्वतः यंत्रापाशी उभा राहून ऐकतो.'

"म्हणजे दोष वाटेत आहे," भाऊजी म्हणाले. आणि वाट म्हणजे आमची इमारत.

मग त्यांनी खिशात मावणारा एक छोटा रेडिओ घेऊन घरोघर जायला सुरुवात केली. हल्लीचे दिवे, चार्जर, पंख्यांचे रेग्युलेटर, सगळे खरखर सोडतात म्हणे. जिन्यातले दिवे त्यांनी स्वतः जुन्या पद्धतीचे आणून बदलले. तळमजल्यावर एक शिंपी आहे, त्याच्या शिवणयंत्राची मोटर त्यांना सापडली. त्याला त्यांनी इतक्या अदबीने विनंती केली की तो बिचारा नाही म्हणू शकला नाही. रोज साडेसहा ते सात तो यंत्र बंद ठेवून हातशिलाई करायला लागला. मला म्हणाला, "साहेब माणूस चांगला आहे, म्हणून ऐकतो. पण नाचता येईना, अंगण वाकडं, असं तर नाही ना?" मी हसण्यावारी नेलं.

गंमत अशी की भाऊजींना गुण येत होता. "बघ," ते मला म्हणायचे, "खरखर किती कमी झालीय. मोटर बंद केल्यापासून हवा निवळली." खरखर कमी झाली, सूर मात्र आला नाही. ते म्हणाले, आता सूर वाजवणंच बंद केलं असणार, आणि तो इंजिनिअर संकोचाने खरं सांगत नाही.

इथे मला माझ्याविषयी एक सांगायला हवं, म्हणजे माझी अक्कल कळेल. माझं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशी उलटलेलं गिऱ्हाईक आत आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "हल्ली वर्तमानपत्रवाले फार बारीक छापतात." दिवसाला चार तरी. मी मान डोलावतो आणि भिंग पुढे करतो. असा मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस सव्वा वर्ष बारीक छपाईची तक्रार करत होता, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. दाराची घंटा वाजली की ताईच उठायची. फोन आला की ती घ्यायची आणि "अहो, ते असं असं म्हणतायत," म्हणून मोठ्याने सांगायची. मला वाटायचं, ताईला सवय आहे पुढेपुढे करायची.

चार महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी भाऊजींनी मला बोलावून घेतलं. टेबलावर इंजिनिअरचं पत्र होतं. त्यांनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. पत्रात लिहिलं होतं, की केंद्राचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण चालू ठेवायचं की बंद करायचं, हे मंडळ तीन महिन्यांनी ठरवणार आहे. निर्णय श्रोत्यांच्या अहवालांवरून होईल. तुमच्या दिशेने नियमित अहवाल फक्त तुमचेच येतात, आणि गेल्या चौदा महिन्यांचे तुमचे अहवाल बघून मंडळातली माणसं विचारतात, तिकडे नीट ऐकूच जात नसेल तर पाठवायचं कशाला? शेवटी एक ओळ होती, 'तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही.'

"माझ्या अहवालांवर बंद पडणार केंद्र," भाऊजी म्हणाले. "पण मी तरी काय करू? ऐकलं ते लिहिलं."

साडेसहाला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी सवयीने रेडिओ लावला, खुंटी नेमकी फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ आता. या वेळेला पूर्वी सूर असायचा. ऐक, आहे काही?"

खोलीभर सूर वाजत होता. स्वच्छ, वरच्या पट्टीत, सातआठ स्वर, पुन्हा पुन्हा तेच. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिलो. दिवसाला चार परक्या माणसांना मी हसत हसत सांगतो की छपाई ठीक आहे, डोळे तपासू या. या माणसाला मला काही सांगता येईना. 

ताई ओले हात पदराला पुसत दारात आली. तिला पत्राचं काही माहीत नव्हतं. "वाजतोय की," ती बोलून गेली.

भाऊजींना वाटलं ती चेष्टा करतेय. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

दुसरा कोणी असता तर चिडला असता, नाही तर हसून विषय बदलला असता. भाऊजींनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "उद्या सहाला इथे ये. पडताळणी करू." एखाद्या काट्याविषयी तक्रार आली की निरीक्षक काय करतो? दुसरे दोन काटे आणतो, तेच वजन तिन्हींवर ठेवतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळ्या कागदावर लिहितो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन खुर्च्या तीन दिशांना तोंडं करून मांडल्या. तिघांना एकेक कागद, एकेक पेन्सिल आणि एकेक घड्याळ, सेकंदासकट जुळवलेलं. सूर कधी सुरू झाला, कधी संपला, किती वेळा वाजला, तेवढंच लिहायचं. बोलायचं नाही.

ताई म्हणाली, "माझी परीक्षा घ्यायचं वय आहे का हे?" पण बसली.

सात वाजता त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. ताईच्या आणि माझ्या कागदात तीन सेकंदांचा फरक होता. दोघांनीही 'अकरा वेळा' लिहिलं होतं. भाऊजींच्या कागदावर वर तारीख होती, त्यांच्या सुरेख अक्षरात, आणि खाली काही नव्हतं. त्यांनी ते तिन्ही कागद बराच वेळ पाहिले.

"काटा माझा खोटा आहे," ते म्हणाले.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली? ताई मात्र त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वर्षभर माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. पण तुम्ही त्या लोकांना काय लिहिताय, ते मला काय ठाऊक? मला कधी वाचून दाखवलंत?"

कानाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की वयाने वरच्या पट्टीचे आवाज गेले आहेत. यंत्र लावलं तर बोलणं पुष्कळ सुधारेल. शिट्ट्या, पाखरं, बारीक सूर यांचा भरवसा नाही. खरखर का निवळली होती, तेही आता कळलं. ती हवेतून नव्हे, कानातून गेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरी येताना भाऊजी आधी तळमजल्यावर थांबले आणि शिंप्याला म्हणाले, "मोटरीचा दोष नव्हता, माझा होता. माफ करा." शिंपी गडबडून उभा राहिला. "अहो, हातशिलाईने माझं काम सुधारलं, साहेब," तो म्हणाला. हे काही खरं नव्हतं, पण बोलला.

आता राहिलं ते केंद्र. मी म्हटलं, "भाऊजी, सोपं आहे. यापुढे लिहा, की आवाज सुधारला, सूर स्वच्छ येतो. खोटं थोडंच आहे? येतोच आहे. मंडळ खूश, इंजिनिअर खूश, केंद्र चालू."

"आणि मागचे चौदा महिने?"

"कोण विचारतंय?"

"सुधारला असं लिहिलं तर आधी बिघडला होता असं ठरतं," ते म्हणाले. "बिघडला नव्हता. त्या माणसाने माझ्या शब्दावर यंत्र खोललं, खांबावर माणूस चढवला. आणि सूर मला येतच नाही, तर येतो असं मी कोणत्या तोंडाने लिहू?"

"अहो, पण सव्वीस वर्षांचं तुमचं नाव," ताई म्हणाली. तिला कळत होतं. निरीक्षकाची नोकरी संपल्यावर त्यांच्याकडे जे काही उरलं होतं ते एवढंच, की दूरची चार माणसं त्यांच्या कानांवर विश्वास ठेवतात.

त्यांनी पत्र लिहिलं. मी शेजारी होतो. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा सरळ लिहिलं. 'अमुक तारखेपासूनचे माझे सर्व अहवाल रद्द समजावेत. दोष आपल्या प्रक्षेपणात नसून माझ्या कानांत आहे, हे मला आता समजलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी लज्जित आहे. यापुढे मी अहवाल पाठवू शकणार नाही.' पोस्टात टाकून आले आणि त्यांनी नोंदींची वही काढली. शेवटच्या नोंदीखाली पट्टीने आडवी रेघ मारली, वही कपाटात सर्वांत वर ठेवली आणि रेडिओवर टॉवेल टाकला.

त्या पाच आठवड्यांत ते घर मला ओळखू येईना. साडेसहा वाजायचे आणि भाऊजी खुर्चीत बसून हातांकडे बघायचे. यंत्र कानात घातलं होतं, बोलणं कळायचं, तरी बोलायचे कमी. ताई आयुष्यभर त्या खरखरीवर चिडली होती. एक दिवस ती मला जिन्यात म्हणाली, "घर खायला उठतं रे संध्याकाळी. तो टॉवेल बघवत नाही मला."

मग उत्तर आलं. नेहमीचं अक्षर, पण या वेळी चार पानं. इंजिनिअरने लिहिलं होतं, की तुमचे चौदा महिन्यांचे अहवाल मी मंडळासमोरून काढून घेतले आणि तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं.  'आणि एक सांगतो. तुमच्यामुळे यंत्र तीनदा उघडलं. दोनदा काही सापडलं नाही. तिसऱ्यांदा एक जोड जळून काळा पडलेला दिसला. सुराशी त्याचा संबंध नव्हता, पण सहा महिन्यांत त्याने सगळं यंत्र जाळलं असतं. तेव्हा लाज मला वाटायला हवी, मी आपणहून उघडलं नव्हतं.' भाऊजींनी ही ओळ तीनदा वाचली. पुढे होतं, 'अडचण एकच. तुमचे अहवाल काढल्यावर त्या दिशेने आता एकही अहवाल उरलेला नाही. मंडळाची बैठक सहा आठवड्यांनी आहे. तुमच्या ओळखीत ऐकणारं दुसरं कोणी आहे का?'

ओळखीत कोण असणार? जी दोनचार माणसं हा छंद करायची ती केव्हाच सोडून गेली होती. माझं दुकान साडेसातला बंद होतं. भाऊजींनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "नाही कोणी."

ताई उठली, तिने रेडिओवरचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मी काय मेले आहे?"

"तुला आवडत नाही."

"आवडत नाही. ऐकू येतं."

भाऊजींनी लगेच हो म्हटलं नाही. "मग अहवाल तुझ्या नावाने जाईल," ते म्हणाले. "तू सांगशील ते मी लिहीन. माझा शब्द त्यात घालणार नाही."

असा त्या घरात उलटा संसार सुरू झाला. साडेसहाला ताई रेडिओपुढे आणि भाऊजी बाजूला, तिच्यासाठी आणलेली नवी कोरी वही मांडीवर घेऊन. सूर चालू असेपर्यंत ताई बोट वर धरायची, संपला की खाली. भाऊजी घड्याळ बघून लिहायचे. पहिल्याच दिवशी आकड्यांवरून वाजलं. ताई म्हणाली, पाचही पाच लिहा, मला सगळं स्वच्छ आलं. भाऊजी म्हणाले, नीट ऐक, मागे दुसरं कोणी बोलत नव्हतं? ताईने दुसऱ्या दिवशी कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हो हो, एक बाई कुठेतरी लांब भांडत होती." लुडबुडीचे तीन मिळाले. एकदा ती म्हणाली, "लिहा, आज बातम्या सांगणारीला सर्दी झाली होती." भाऊजी म्हणाले, असं लिहीत नाहीत. "मी सांगीन ते लिहिणार होतात ना?" त्यांनी लिहिलं. शिंपी खालून विचारायला आला, की वहिनींसाठी मोटर बंद ठेवू का. ताई म्हणाली, "खुशाल चालव. मला तुझं वेगळं आणि त्यांचं वेगळं ऐकू येतं."

मागच्या आठवड्यात कार्ड आलं. मी योगायोगाने तिथेच होतो. त्यावर बेटाचं चित्र, मागे छापील मजकूर आणि खाली हाताने लिहिलेलं. आणखी सतरा श्रोत्यांचे अहवाल वेगवेगळ्या दिशांनी आले, तुमच्या दिशेने सदतीस, सगळे एकाच बाईंचे. प्रक्षेपण निदान एक वर्ष चालू राहील. आणि बातम्या देणारीला त्या दिवशी खरोखरच सर्दी होती, तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. कार्डावर नाव ताईचं होतं. भाऊजींनी ते सहाशे अकरांच्या डब्यात घातलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून एक रिकामा डबा मागून आणला, पुसला, आणि कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात क्रमांक टाकला, एक.

ताईने चहा केला. चहा पिताना मी विचारलं, "भाऊजी, तो सूर तुम्हाला आठवतो तरी का आता?"

 "आठवतो असं वाटतं," ते म्हणाले. "पण तो तसाच होता की मी मनाने काही वेगळंच धरून बसलोय, हे ताडून बघायला काही नाही. त्याचंच वाईट वाटतं. केंद्र राहिलं, ते उत्तमच झालं. पण मला तो पुन्हा ऐकायला मिळणार नाही."

 ताई कप उचलून आत गेली. नळाचा आवाज आला, कप विसळल्याचा आवाज आला, आणि ती काम करताना गुणगुणते तसं गुणगुणायला लागली. ताईचा आवाज जाडा आहे, गाण्याचा नाही. खालच्या पट्टीत, सातआठ स्वर, पुन्हा पुन्हा तेच.

भाऊजींनी मान वर केली. मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. ताईने पाठमोरीच दुसऱ्यांदा तो सूर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, मग तिला मागे कोणी असल्याचं जाणवलं.

"हाच," भाऊजी म्हणाले.

"मग? वीस वर्षं हेच गुणगुणतेय भांडी विसळताना," ताई म्हणाली. "तेव्हा तर कान चांगले होते तुमचे."

 भाऊजी तसेच पुढच्या खोलीत आले, स्टुलावर चढले आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून आपली जुनी वही काढली. 'जग' लिहिलेल्या घड्याळाकडे बघितलं, पट्टीने मारलेल्या रेघेखाली तारीख आणि वेळ घातली आणि सावकाश लिहायला बसले. मी मागून वाचलं. केंद्र: स्वयंपाकघर. सूर: पूर्ण ऐकू आला, दोन वेळा. पुढे आकडे होते, पाच, चार, पाच, पाच, पाच. मी त्यांची वही इतकी वर्षं बघतोय, एका नोंदीत चार वेळा पाच मी पहिल्यांदाच पाहिला.

ताई हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागली. तिचे डोळे भरून आले होते, पण बोलली ते असं, "आणि एक चार कशाला? चाळीस वर्षांनी अहवाल दिलात, त्यातही एक गुण कापलात?"

भाऊजींनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, शेरा: नळ चालू होता.